डाऊन जॅकेट घेताना फिल पॉवरसोबत ग्रॅमही विचारा

लेबलवर ८०० दिसलं की ते ६००वाल्यापेक्षा गरम असणार, असं धरून डिसेंबरातल्या उत्तराखंडच्या केदारकंठा ट्रेकसाठी खरेदी होते. इथेच गफलत होते. लेबलवरचा हा आकडा म्हणजे फिल पॉवर, आत भरलेल्या लवेची (डाऊनची, म्हणजे बदक-हंसाच्या मऊ पिसांची) प्रत. एक औंस, म्हणजे साधारण २८ ग्रॅम लव नळकांड्यात टाकून वर ठरावीक वजन ठेवतात आणि ती किती घन इंच जागा व्यापते ते मोजतात. ५५०ची लव सुमारे ९ लिटर जागा व्यापते, ८००ची १३. ऊब मिळते ती या फुगवट्यात अडकलेल्या हवेमुळे. पण जॅकेटात लव किती भरली आहे, ते हा आकडा सांगत नाही.

म्हणून ‘फिल वेट’, म्हणजे आत भरलेल्या लवेचं वजन, शोधा. जॅकेटचं एकूण वजन वेगळं, त्यात कापड आणि चेनही आली. मग साधा गुणाकार करा:

२०० ग्रॅम × ६०० = १,२०,०००
१२० ग्रॅम × ८५० = १,०२,०००

पहिलं जास्त ऊबदार. दुसऱ्यात लव ८० ग्रॅम कमी आणि ते सॅकमध्ये जागाही कमी खातं. जास्तीचे पैसे त्याचे. तुलना मात्र एकाच साइझच्या, सारख्या लांबीच्या जॅकेटांचीच करा. मांडीपर्यंतच्या जॅकेटात तेवढीच लव पातळ पसरते.

दुकानात जॅकेट उजेडासमोर धरा. आरपार शिवण असेल तर टाक्यांच्या रेषेत लव जवळपास नसतेच आणि थंडी तिथूनच शिरते. कडाक्याच्या थंडीसाठी कप्प्यांना आतून उभ्या पट्ट्या असलेलं बघा. स्लीपिंग बॅगला हाच हिशोब लागू, फक्त अंगाखालची लव दबून निकामी होते. तिथे भिस्त मॅटवरच.

ओली लव गोळा होते आणि मग ८५० काय, ५५० काय, सारखंच. धुताना डाऊनचा साबण वापरा, फॅब्रिक सॉफ्टनर नको. ओलं जॅकेट खांद्याला धरून उचललंत तर आतल्या पट्ट्या फाटतात. खालून दोन्ही हातांचा आधार द्या. ड्रायर मंद आचेवर ठेवून दोन-तीन स्वच्छ टेनिस बॉल टाका. वरून कोरडं लागलं तरी कप्पे चिमटीत धरून पाहा: गाठ लागली तर अजून तासभर. मुंबई-कोकणच्या पावसाळ्यात ड्रायर नसेल तर धुणं ऑक्टोबरवर ढकला, आणि एरवीही जॅकेट पिशवीत कोंबून न ठेवता कपाटात मोकळं टांगा.