पित्त, जळजळ आणि घरचे उपाय : या चुका टाळा

रात्री सराफ्यातली दागिन्यांची दुकाने बंद होतात आणि त्यांच्यासमोर गराडू, भुट्ट्याचा कीस, दहीवडे, जिलबी यांचा बाजार भरतो. इंदूरच्या मराठी घरात पाहुणे आले की त्यांना तिकडे नेणे ओघाने आलेच. घरी परतायला साडेअकरा-बारा वाजतात, आल्या आल्या पाठ टेकली जाते, आणि दोनच्या सुमाराला छातीच्या मधोमध आग आणि घशाशी आंबट पाणी. मग स्वयंपाकघरात शोधाशोध सुरू होते. ओवा, सोडा, थंड दूध, लिंबू, जे हाती लागेल ते. यातला एखादा उपाय तासभर आराम देतो, एखादा त्रास वाढवतो. पण खरी चूक दोन वाजता होत नाही, ती साडेअकराला होऊन गेलेली असते.

जठरात आम्ल असणे हा आजार नव्हे. तिथल्या रसाचा पीएच (आम्लतेचे माप, आकडा जितका कमी तितके आम्ल तीव्र) साधारण १.५ ते ३.५ असतो आणि जठराचे अस्तर ते सहन करते. अन्ननलिकेचे अस्तर मात्र तेवढे चिवट नाही. दोघांच्या मध्ये स्नायूची एक गोल झडप असते. ती अवेळी सैल पडली, किंवा पोट तुडुंब भरल्याने खालून दाब आला, की आम्ल वर चढते आणि छातीत जळजळ होते. अनेकांच्या पोटात आम्ल जास्त नसतेच, ते फक्त चुकीच्या जागी पोचलेले असते. त्यामुळे काय प्यायचे यापेक्षा किती खाल्ले, किती वाजता खाल्ले आणि त्यानंतर कसे आडवे झालो, याला महत्त्व जास्त. घरगुती उपायांच्या बहुतेक याद्या नेमके हेच विसरतात.

गॅस, अपचन आणि जळजळ यांची सरमिसळ

‘ॲसिडिटी झाली’ या दोन शब्दांत आपण चार वेगळे त्रास कोंबतो आणि चारींवर ओवा-काळे मीठ देतो. पोट गच्च झाले, ढेकर अडकली, वारा सरत नाही, अशा वेळी पाव चमचा ओवा किंवा चिमूटभर हिंग कोमट पाण्यातून घ्यायला हरकत नाही. पण छातीच्या हाडामागे जळत असेल, वाकल्यावर किंवा आडवे झाल्यावर वाढत असेल, घशाशी आंबट-कडू येत असेल, तर आम्ल वर चढते आहे. तिखट-उष्ण ओवा तिथे सोललेल्या जागेवरूनच खाली जातो आणि आग वाढते.

तिसरा प्रकार म्हणजे उपाशीपोटी पोटाच्या वरच्या भागात दुखणे, खाल्ल्यावर बरे वाटणे आणि दोन-तीन तासांनी पुन्हा दुखणे. हे जठराच्या किंवा आतड्याच्या सुरुवातीच्या भागातल्या व्रणाचे लक्षण असू शकते. त्यावर महिनोन्‌महिने घरचे उपाय करत बसू नये.

चौथा प्रकार सर्वांत धोक्याचा. छातीवर दडपण, दरदरून घाम, धाप, जबड्याकडे किंवा डाव्या हाताकडे सरकणारी वेदना, चालताना वाढणारा आणि थांबल्यावर कमी होणारा त्रास, यांना ‘गॅस’ म्हणून सोडा पाजू नका. मधुमेह असलेल्यांत, वयस्करांत आणि स्त्रियांत हृदयविकाराचा झटका नुसत्या मळमळीसारखा किंवा पोटाच्या वरच्या भागातल्या अस्वस्थतेसारखाही येऊ शकतो. सोडा घेऊन ‘बघू अर्धा तास’ असे म्हणण्यात जाणारा अर्धा तास तेव्हा महागात पडतो. १०८ ला फोन करा.

सोडा : प्रमाण, वेळ आणि मीठ

खाण्याचा सोडा आम्ल खरोखर निष्प्रभ करतो आणि काही मिनिटांत करतो. म्हणूनच त्याचा अतिरेक होतो. अधूनमधून वापरायचाच तर मोठ्या माणसासाठी सपाट अर्धा छोटा चमचा, अर्धा ग्लास (सुमारे १२० मिली) पाण्यात पूर्ण विरघळवून, हळूहळू घोट घोट. पाठोपाठ होणाऱ्या चुका अशा : रास भरलेला चमचा घेणे, पूर्ण न विरघळताच पिणे, पोट तट्ट फुगलेले असताना घेणे. शेवटची चूक गंभीर आहे. आम्ल आणि सोडा एकत्र आले की कार्बन डायऑक्साइड सुटतो. आधीच ताणलेल्या जठरात तो एकदम तयार झाला तर दुखापत होऊ शकते. दाल-बाफल्याची (वरण आणि तुपातले कणकेचे गोळे) पंगत उठल्या उठल्या सोडा पिणे त्यामुळेच टाळावे.

दुसरी बाजू मिठाची. सपाट अर्ध्या छोट्या चमच्यात ६०० मिलिग्रॅमहून जास्त सोडियम असते. जागतिक आरोग्य संघटना दिवसभरात २ ग्रॅमपेक्षा कमी सोडियम घ्यायला सांगते, म्हणजे एका डोसात जवळपास तिसरा हिस्सा संपला. रक्तदाब, हृदय किंवा मूत्रपिंडाचा त्रास असलेल्यांनी, गरोदर स्त्रियांनी हा उपाय करू नये, लहान मुलांना तर अजिबात देऊ नये. फसफसणाऱ्या पुड्यांतही मुख्यत्वे हाच सोडा आणि सायट्रिक आम्ल असते. लिंबाची चव लागली म्हणून तो वेगळा होत नाही. ‘मी सोडा घेत नाही, रोज फक्त पुडी घेतो’ हे वाक्य बरेचदा ऐकू येते, त्याला काही अर्थ नाही. इतर गोळ्या आणि सोडा यांत दोन तासांचे अंतर ठेवा, कारण त्यामुळे काही औषधांचे शोषण बदलते. दोन आठवडे सतत लागत असेल तर सोडा बंद आणि डॉक्टरांकडे.

धुण्याचा सोडा आणि बेकिंग पावडर या दोन्ही वेगळ्या वस्तू. बरणीवर चिठ्ठी नसेल तर वापरू नका.

थंड दूध

गार दुधाचा पहिला घोट बरा वाटतो, यात खोटे काही नाही. ते थोडा वेळ आम्ल झेलते. मात्र त्यातली प्रथिने आणि कॅल्शियम पुढे जठराला आणखी आम्ल सोडायला लावतात, आणि साय-मलईची चरबी जठर रिकामे व्हायला उशीर करते. झोपताना मोठा पेला भरून म्हशीचे दूध पिणाऱ्याला तीनला पुन्हा जाग येते ती यामुळे. घ्यायचेच तर साय काढलेले, अर्धी वाटी, दिवसा. इंदुरी शिकंजी ही लिंबाची नसून आटवलेल्या दुधाची, सुक्या मेव्याची असते. ‘थंड आहे, पित्ताला चांगली’ म्हणून रात्री पिण्यासारखी ती नाही.

लिंबू, व्हिनेगर, पुदिना

‘लिंबू पोटात गेल्यावर अल्कलाइन होते’ हे वाक्य फोनवरून फिरत फिरत घरोघर पोचले आहे. लिंबाच्या रसाचा पीएच २ ते ३ च्या घरात असतो आणि सुजलेल्या अन्ननलिकेवरून तो आंबट म्हणूनच जातो. सकाळी उपाशीपोटी लिंबू-मध घेणाऱ्या आणि दिवसभर जळजळ सोसणाऱ्या माणसाने आधी तेच बंद करून पाहावे. सफरचंदाच्या व्हिनेगरची गतही तीच. जळजळ कमी होते याला भरवशाचा आधार नाही, दातांचे एनॅमल मात्र झिजते.

पुदिना थंड वाटतो, म्हणून फसवतो. त्यातला तेलकट अंश स्नायू सैल करतो. आतड्यात मुरडा असेल तर ते उपयोगाचे, पण आम्ल वर चढत असेल तेव्हा झडपच सैल पडते. पुदिन्याची चटणी, पुदिन्याच्या गोळ्या, पुदिन्याचे च्युइंगम हे सगळे त्यात आले. जेवणानंतर अर्धा तास बिनसाखरेचे, पुदिना नसलेले च्युइंगम चघळणे मात्र उपयोगी, कारण लाळ सुटते आणि लाळेतला बायकार्बोनेट अन्ननलिका धुऊन काढतो. च्युइंगम नको असेल तर चिमूटभर बडीशेप सावकाश चावा. सुपारी आणि तंबाखू मात्र नको. तंबाखूही झडप सैल करते.

‘आयुर्वेदिक आहे, कितीही घ्या’

ज्येष्ठमधाची कांडी चघळली की घशाला आराम पडतो. पण त्यातल्या ग्लिसिरायझिनमुळे शरीरात मीठ-पाणी साठते, रक्तदाब चढतो आणि पोटॅशियम उतरते. रक्तदाबाच्या, लघवी वाढवणाऱ्या किंवा हृदयासाठीच्या डिगॉक्सिनसारख्या गोळ्या चालू असतील, किंवा गरोदरपण असेल, तर ज्येष्ठमध रोज घेऊ नये. अविपत्तिकर चूर्ण पित्तावर घरोघर घेतले जाते, पण त्यात निशोत्तर हे रेचक मुबलक असते आणि साखरही असते, हे डबीच्या मागची यादी न वाचणाऱ्याला ठाऊक नसते. महिनोन्‌महिने घेऊन मग पोट सैल राहते, मधुमेह्याची साखर हलते, आणि दोष दिला जातो बाहेरच्या पाण्याला. शंखभस्म हे मुळात कॅल्शियमच. लोहाच्या किंवा थायरॉइडच्या गोळीबरोबर घेतले तर ती गोळी नीट शोषली जात नाही.

आले थोडे असेल तर मळमळीवर चालते. दिवसात चार कप कडक आल्याच्या चहाने जळजळ वाढते. इसबगोल घ्यायचे तर भरपूर पाण्याबरोबर, एक पूर्ण ग्लास तरी, आणि झोपायच्या वेळी नाही. कमी पाण्यात ते फुगून घशात-अन्ननलिकेत अडकू शकते.

उशा वाढवणे

सर्वांत कमी खर्चाचा आणि सर्वांत चुकीच्या पद्धतीने केला जाणारा उपाय हाच. डोक्याखाली दोन-तीन उशा रचल्या की फक्त मान वर जाते, शरीर कमरेत दुमडते आणि पोटावरचा दाब वाढतो. उंची कमरेपासून हवी. लाकडी पलंग असेल तर डोक्याकडच्या दोन्ही पायांखाली १५ ते २० सेंटीमीटरचे, म्हणजे सहा ते आठ इंचांचे लाकडी ठोकळे द्या. सुताराकडून ठोकळ्याला वर खळगा करून घ्यावा, म्हणजे पाय त्यात बसतो आणि घसरत नाही. नुसत्या विटा सरकतात. खाली पेटी असलेला पलंग उचलता येत नाही. तिथे कमरेपासून डोक्यापर्यंत पुरेल असा फोमचा उतरता तक्ता गादीवाल्याकडून कापून घ्या. जमिनीवर गादी असेल तर डोक्याकडे गादीखाली घडी केलेल्या सतरंज्या घालून उतार करा. पहिले दोन-तीन दिवस माणूस खाली घसरतो. गुडघ्याखाली पातळ उशी ठेवली की थांबतो.

कूस डावी. त्या कुशीवर जठराचा फुगीर भाग खाली राहतो आणि वर चढलेले आम्ल लवकर परतते. उजव्या कुशीवर ते जास्त वेळ रेंगाळते. रविवारी दुपारी दाल-बाफले आणि लाडूंवर वामकुक्षी घ्यायचीच असेल तर डाव्या कुशीवर, कलत्या आरामखुर्चीत असेल तर आणखी बरे. रात्रीचे जेवण आणि झोप यांत तीन तास ठेवा. सराफ्याला जायचेच तर जेवण म्हणून आठला जा. घरी जेवून वर सराफा नको.

मध्यरात्री जाग आलीच तर आधी उठून बसा, नाडी किंवा पट्टा सैल करा, साध्या पाण्याचे दोन-चार घोट घ्या. तांब्याभर पाणी नको, त्याने जठर पुन्हा फुगते. अँटासिडचे द्रव औषध घरात असेल तर बाटलीवर लिहिलेल्या मापाने घ्या आणि अर्धा तास आडवे होऊ नका.

पोह्यांवर सगळा दोष

इंदुरी पोहे वाफेवर शिजवलेले असतात, तेल कमी असते. बहुतेकांना त्रास होतो तो वरच्या मूठभर शेवेचा, कच्च्या कांद्याचा, आमचूर-मिरची घातलेल्या जिरावणाचा, सोबतच्या कचोरी-जिलबीचा आणि उपाशीपोटी घेतलेल्या पहिल्या चहाचा. पोहे ठेवा, एकेक जोडीदार बाजूला काढा. एकाच दिवशी सगळे सोडले की नेमके कशाने होत होते ते कळत नाही, आणि आठवड्यात सगळे परत सुरू होते. दोन आठवडे वहीत तीन गोष्टी लिहा : काय व किती वाजता खाल्ले, कधी आडवे झालात, जळजळ कधी झाली. टोमॅटो एकाला बाधतो, दुसऱ्याला नाही.

उपवासाचे वेगळे. दिवसभर चहावर काढून रात्री तुपातली साबुदाण्याची खिचडी, दाण्याचे कूट आणि बटाट्याच्या तळलेल्या पापड्या, म्हणजे रिकामे पोट आणि तुडुंब पोट एकाच दिवशी. दुपारी केळे, राजगिऱ्याची लापशी, थोडी भगर घेतली तर रात्रीचा मारा कमी होतो. पोटाचा घेर वाढलेला असेल तर काही किलो वजन उतरण्याचा फायदा कोणत्याही चूर्णापेक्षा मोठा असतो.

गोळ्यांच्या चुका

पँटोप्राझोल, ओमेप्राझोल, राबेप्राझोल या गोळ्या जळजळ सुरू झाल्यावर तोंडात टाकायच्या नाहीत. जठराच्या अस्तरातल्या, जेवणामुळे कामाला लागलेल्या आम्ल-पंपांवरच (आम्ल सोडणाऱ्या यंत्रणेवरच) त्या चालतात, म्हणून नाश्त्याच्या ३० ते ६० मिनिटे आधी घ्यायच्या. पूर्ण परिणाम दिसायला काही दिवस लागतात. कित्येक महिने घेऊन एकदम थांबवल्या तर काही आठवडे आम्ल उसळते, आणि ‘गोळीशिवाय चालतच नाही’ असा समज होतो. त्या डॉक्टरांच्या सल्ल्याने उतरवत आणाव्यात. डोम्पेरिडोन मिसळलेल्या कॅप्सूल स्वतःच्या मनाने रोज घेऊ नयेत. काही जणांत हृदयाच्या ठोक्यांची लय बिघडू शकते.

मुळात दुसऱ्याच औषधाने जळजळ होत असते, हेही निसटते. गुडघ्यासाठीची डायक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेन, ॲस्पिरिन, लोहाच्या गोळ्या. रक्तदाबाची अमलोडिपिन झडप सैल करते. मुरुमांसाठी डॉक्सिसायक्लिन घेणारी तरुण मुले ती झोपताना एका घोटात गिळतात आणि गोळी अन्ननलिकेला चिकटून तिथे भाजते. ती पूर्ण ग्लासभर पाण्याबरोबर, दिवसा, आणि नंतर किमान अर्धा तास उभे किंवा बसून. यातली कोणतीही गोळी परस्पर बंद करू नका, लिहून देणाऱ्याला विचारा.

गिळताना अडकणे, वजन उतरणे, काळी शी, रक्ताची किंवा कॉफीच्या गाळासारखी उलटी, रक्त कमी होणे, पन्नाशीनंतर नव्याने सुरू झालेला त्रास, यांपैकी काहीही असेल तर घरचे उपाय थांबवून तपासणी करा. आठवड्यातून दोनदा किंवा जास्त जळजळ होत असेल तरीही. डॉक्टरांकडे जाताना ती वही, सर्व गोळ्यांची पाने आणि चूर्णांच्या डब्याही न्या. हेलिकोबॅक्टर या जठरातल्या जिवाणूची श्वासाची किंवा शीची तपासणी सांगितली, तर पँटोप्राझोलसारखी गोळी चालू असल्याचे आधीच सांगा. ती साधारण दोन आठवडे बंद ठेवावी लागते, नाहीतर जिवाणू असूनही तपासणी नकारात्मक येऊ शकते.