विमान देखभालीचे आकडे कसे तपासावेत

महिन्याच्या अहवालात सगळ्यात वर डिस्पॅच रिलायबिलिटी, म्हणजे तांत्रिक अडचणीशिवाय वेळेवर सुटलेल्या उड्डाणांची टक्केवारी असते आणि पुष्कळदा बैठक तिथेच आटोपते. हिशेब सोपा आहे. तांत्रिक कारणाने १५ मिनिटांहून जास्त उशीर झालेली आणि रद्द झालेली उड्डाणं मोजायची, एकूण उड्डाणांनी भागायचं आणि आलेली टक्केवारी १०० मधून वजा करायची. १,२०० उड्डाणांत ९ उशीर, ३ रद्द: ९९ टक्के. पण या १२ घटना कोणी, कशा निवडल्या हे पाहिल्याशिवाय त्या ९९ ला अर्थ नाही.

त्यामुळे आधी विलंबाचे कोड उघडा. आयाटा या विमान कंपन्यांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या यादीत ४१ ते ४८ हे तांत्रिक कोड आहेत. ४१ म्हणजे विमानातला बिघाड, ४२ म्हणजे नियोजित देखभाल वेळेत न संपणं, ४४ आणि ४५ सुट्या भागांचे. सकाळी ४१ वर अडकलेलं विमान पुढे दिवसभर उशिरा धावतं आणि त्या फेऱ्यांवर ९३, म्हणजे आधीच्या फेरीवरून विमान उशिरा आल्याचा कोड पडतो. मोजायची ती मूळ घटना. मात्र मूळ घटनाच ९३ खाली सरकवली असेल, तर टेक लॉगशी, म्हणजे विमानातल्या बिघाड-दुरुस्तीच्या नोंदवहीशी, ताडून ती परत आणा. ४४ आणि ४५ वेगळे काढा. तिथे लाइनवरच्या, म्हणजे दोन उड्डाणांमध्ये विमान तपासणाऱ्या इंजिनिअरला धारेवर धरून काही होत नाही, प्रश्न स्टोअर आणि नियोजनाचा असतो.

आता त्याच ९९ शेजारी एमईएलखाली, म्हणजे कोणते बिघाड असतानाही विमान ठरावीक मुदतीपर्यंत उडवता येतं त्या यादीखाली, पुढे ढकललेले बिघाड मांडा. दुरुस्तीची मुदत बी वर्गाला ३ दिवस, सी ला १० आणि डी ला १२०. नोंदीचा दिवस धरत नाहीत. महिनाअखेर प्रत्येक विमानावर किती उघडे आहेत, किती शेवटच्या दिवशी बंद झाले, कितींना मुदतवाढ घ्यावी लागली, एवढं पाहिलं तरी चित्र पालटतं. वेळेवर सुटणारी विमानं आणि वाढत जाणारे उघडे बिघाड एकत्र दिसले, तर वक्तशीरपणा उधारीवर चालला आहे असं समजा.

सुट्या भागांच्या बाबतीत सगळ्यात जास्त चुका भागाकारात होतात. अनियोजित काढणीमधला सरासरी काळ, म्हणजे एमटीबीयूआर, काढताना उड्डाणतासांना त्या भागाच्या प्रतिविमान संख्येने गुणावं लागतं. समजा तीन महिन्यांत ताफ्याचे ७,५०० तास झाले, प्रत्येक विमानावर तो व्हॉल्व्ह २ ठिकाणी आहे आणि १२ वेळा काढला गेला. १५,००० भागिले १२, म्हणजे १,२५० तास. गुणाकार विसरलात तर ६२५ येतात आणि उत्पादकाशी उगाच वाद सुरू होतो. दुसऱ्या विमानासाठी उसने काढलेले भाग आणि जागा करून घेण्यासाठी काढलेले भाग या १२ मध्ये धरू नका.

पुढे शॉपचा, म्हणजे काढलेले भाग तपासून दुरुस्त करणाऱ्या कार्यशाळेचा अहवाल बघा. १२ पैकी ५ भाग ‘दोष आढळला नाही’ म्हणून परत आले असतील, तर खऱ्या बिघाडांमधला काळ २,१४३ तासांवर जातो. मग व्हॉल्व्ह बऱ्यापैकी धड आहे आणि निदान कच्चं आहे. त्या पाचही वेळची टेक लॉगची नोंद काढा. ट्रबलशूटिंगचे टप्पे गाळून थेट भाग बदलला होता का, की कनेक्टर सैल होता आणि भाग काढता-लावताना तो आपसूक बसला? भाग बदलूनही तीच तक्रार काही दिवसांत पुन्हा आली असेल, तर वायरिंगकडे वळा.

वैमानिकांच्या तक्रारी दर १,००० उड्डाणताशी, एटीए प्रकरणवार, म्हणजे विमानातल्या प्रत्येक यंत्रणेला दिलेल्या ठरावीक क्रमांकानुसार मांडतात. इशारापातळी साधारणपणे मागच्या १२ महिन्यांची सरासरी अधिक दोन प्रमाण विचलनं (आकडे सरासरीभोवती किती पसरले आहेत याचं माप) अशी ठरते: सरासरी ६, विचलन १.१, तर पातळी ८.२. तुलनेसाठी तीन महिन्यांची सरकती सरासरी घ्या, म्हणजे एका वाईट महिन्याने धावपळ होत नाही. इथे दोन सापळे आहेत. केबिन थंड होत नाही ही तक्रार कधी २१ (वातानुकूलन) खाली, कधी ब्लीडमुळे, म्हणजे इंजिनातून घेतलेल्या दाबाच्या हवेमुळे, ३६ (न्यूमॅटिक) खाली जाते, मग दोन्ही आलेख निरोगी दिसतात. दुसरा जास्त छुपा: वाईट महिनेच पुढच्या वर्षीच्या सरासरीत मिसळतात, रेषा आपोआप वर चढते आणि इशारा वाजायचाच थांबतो. पातळी वर न्यायची असेल तर लेखी कारण मागा. युरोपीय नियमावलीत एकाच प्रकारची ६ पेक्षा कमी विमानं म्हणजे छोटा ताफा. तिथे अशी आकडेमोड डळमळते, त्यापेक्षा प्रत्येक घटना स्वतंत्र तपासावी.

हँगरमधल्या मोठ्या तपासणीत विमान किती दिवसांत बाहेर पडलं हे सगळेच विचारतात. त्याआधी नॉन-रुटीन कार्डं, म्हणजे तपासणीत सापडलेल्या अनपेक्षित कामांची कार्डं, कोणत्या दिवशी उघडली गेली ते बघा. निम्मी कार्डं शेवटच्या तिसऱ्या हिश्श्यात उघडली असतील, तर पॅनल उशिरा उघडले किंवा पाहणी रेंगाळली. मॅनअवर्स वाढवून तो उशीर भरून निघत नाही. विमान सेवेत परतल्यावर पहिल्या १० उड्डाणांतल्या तक्रारीही त्याच तपासणीच्या खात्यावर टाका.

आणि तक्रारींचा दर एकाएकी निम्म्यावर आला, पण भाग काढण्याचं प्रमाण जिथल्या तिथेच आहे, तर अभिनंदन करण्याआधी टेक लॉग आणि स्टोअरच्या मागण्या समोरासमोर ठेवा. मागणी आहे पण नोंद नाही असा प्रत्येक भाग म्हणजे तोंडी सांगून उरकलेलं काम.