पुरुमेंताच्या आधी करंटची पण यादी काढा

मे लागला की आमच्याकडे गोव्यात पुरुमेंताची, म्हणजे पावसाळ्यासाठी भरून ठेवायच्या सामानाची, यादी निघते, मिरच्या किती, सोलं किती, सुके बांगडे कुणाकडून घ्यायचे, सगळं तोंडपाठ. करंटची यादी मात्र कोण करत नाही. गेल्या मे मध्ये मुंबईची जाऊबाई मुलांना घेऊन पंधरा दिवस राहून गेली आणि नंतरचं बिल बघून ह्यांनी ते दोनदा उलटंपालटं करून बघितलं. म्हणून यंदा शिगमो, म्हणजे आमची होळी, संपल्या संपल्या मी वही घेऊन बसले.

आधी गेल्या वर्षीची बिलं काढा आणि रुपये सोडून युनिट बघा. आपल्याकडे घरगुती दर स्लॅबने चढतो, 100 युनिटपर्यंत सगळ्यात स्वस्त, मग 200, 300, 400 असं वर जाताना प्रत्येक पुढचं युनिट महाग. म्हणजे तुमचे 350 होत असतील आणि 50 वाचवले तर ते सगळ्यात महागडे 50 वाचतात, हे डोक्यात बसलं की पुढचा कंटाळा जातो. मग एकदा फ्रीजसकट घरातलं सगळं बंद करून मीटरचा लाल दिवा बघा, तरी लुकलुकत असेल तर कुठेतरी लीकेज आहे, वायरमनला बोलवायचं, स्वतः स्क्रूड्रायव्हर घ्यायचा नाही.

आता गीझर. हा खरा चोर. 2000 वॅटचा गीझर अर्धा तास चालला की एक युनिट गेलं, आणि आमच्याकडे सकाळी सहाला ऑन करून नऊपर्यंत तसाच, कारण कोण कधी आंघोळीला जाईल सांगता येत नाही. बरं मे महिन्यात टेरेसवरच्या काळ्या टाकीतलं पाणी दुपारी एवढं तापतं की हात घालवत नाही, मग गीझर कशाला? सवय, दुसरं काय. मी मार्चपासून त्याचा स्विचच खाली पाडते, सासूबाईंना एक बालदी गॅसवर तापवून देते.

पंपाकडे लक्ष द्या, ह्याचा विचारच कोण करत नाही. उन्हाळ्यात विहीर खाली जाते, पाईपच्या तळाचा फूट व्हॉल्व्ह हवा ओढायला लागतो आणि पंप नुसताच घुं घुं करतो, एक एचपीचा म्हणजे तासाला पाऊण युनिट, वर मोटर जळायची भीती वेगळीच. तेव्हा एप्रिलच्या आधी पाईप खाली सोडून घ्या आणि टाकी ओव्हरफ्लो होते का तेही बघा. आमच्या टाकीचा बॉल महिनाभर अडकलेला, पाणी थेट केळीच्या मुळात जात होतं, केळी मात्र झकास झाली.

फॅनचं गणित सोपं आहे. जुना फॅन साधारण 75 वॅट, नवीन बीएलडीसी, म्हणजे कमी करंट खाणाऱ्या मोटरचा, 30 च्या आसपास, रोज बारा तास लावला तर महिन्याला एका फॅनमागे 16 युनिट वाचतात. चार एकदम घेणं परवडत नाही, म्हणून जो सगळ्यात जास्त फिरतो तो आधी बदलायचा, आमच्याकडे हॉलचा. भिंतीवरचा तो मोठा गरम होणारा रेग्युलेटर असेल तर तोही काढा, त्याने फॅन हळू होतो पण करंट उष्णता होऊन वाया जातो.

एसी असेल तर फिल्टर दर पंधरा दिवसांनी धुवायचा, 26 वर ठेवून वर फॅन लावायचा. आपल्याकडे घाम जास्त येतो म्हणून लोक 18 करतात, त्यापेक्षा ड्राय मोड लावून बघा. समुद्राकाठी घर असेल तर बाहेरच्या युनिटवर मीठ बसतं, तेही धुवून घ्यायला सांगा.

फ्रीजच्या दाराच्या रबरात दहाची नोट अडकवा, अलगद सुटली तर रबर गेलं. बाकी एलईडी वगैरे तुम्हाला माहीत आहेच.

सोलरचं अजून ठरत नाही. पीएम सूर्यघर ह्या केंद्राच्या योजनेत छतावरच्या 3 किलोवॅटच्या सोलरला 78,000 सबसिडी आहे, ते ठीक, पण आमच्या टेरेसवर शेजाऱ्यांच्या माडाची सावली येते. ती किती वाजता येते आणि किती वेळ राहते हे बघायला रविवारी वर खुर्ची टाकून बसायचं आहे, वहीत लिहून ठेवलंय.