आधी एस्केप, मग बाकीचं: विममध्ये हात बसवताना

भाचीचा फोन रात्री साडेअकराला आला. नोकरी नवी, सर्व्हर दुसऱ्याचा, आणि ऑफिसात ती एकटीच.

"मावशी, मी लिहितेय ते उमटतच नाहीये. उलट होता तो शब्द गेला."

"फाइल कशात उघडलीस?"

"व्हीआय लिहून."

"मग आधी हात उचल. आता एस्केप दाब, दोनदा दाबलंस तरी चालेल. आता कोलन, क्यू, उद्गारचिन्ह, एंटर."

ती बाहेर पडली. फाइल जशीच्या तशी होती, कारण सेव्ह काहीच झालेलं नव्हतं. विम म्हणजे टर्मिनलमध्ये, कळफलकावरूनच चालवायचा टेक्स्ट एडिटर; तो व्हीआयचाच पुढचा अवतार, म्हणून 'व्हीआय' लिहिलं तरी बहुधा हाच उघडतो. तो शिकायला बसणाऱ्या प्रत्येकाला मी ही दाराची किल्ली आधी देते. बाहेर कसं पडायचं हे माहीत असलं की आत फिरायची भीती जाते.

तिचं झालं होतं असं. एनजिनएक्स या वेब सर्व्हरच्या कॉन्फिग फाइलमध्ये, म्हणजे सेटिंगच्या फाइलमध्ये, एक फोल्डर बाहेरच्यांसाठी बंद करायचं होतं, म्हणून तिने फाइल उघडल्या उघडल्या 'डिनाय ऑल' आणि अर्धविराम लिहायला घेतलं. पण विम उघडतो तो नॉर्मल मोडमध्ये, आणि तिथे प्रत्येक कळ म्हणजे एक हुकूम. 'डी' म्हणजे काढ, 'ई' म्हणजे शब्दाच्या शेवटापर्यंत. झालं, कर्सरखालचा शब्द गेला. 'एन' म्हणजे शोधलेलं पुढे कुठे आहे ते दाखव. तिने काही शोधलेलंच नव्हतं, म्हणून खाली एरर आली. 'वाय' आणि स्पेस मिळून एका अक्षराची कॉपी झाली. 'ए'ला मात्र विम लिहायच्या मोडमध्ये गेला, आणि उरलेले दोन 'एल' आणि अर्धविराम तेवढे फाइलमध्ये उमटले. विमने तिचं एकूण एक अक्षर ऐकलं होतं.

पुढे जाण्याआधी एक सांगते. कळांची नावं मी आपण बोलतो तशीच लिहिली आहेत. 'डी' म्हणजे इंग्रजी कळफलकावरची स्मॉल डी. कॅपिटल हवं असेल तिथे तसं म्हटलं आहे, आणि हा फरक महत्त्वाचा आहे. कॅप्स लॉक चालू राहिला आणि खाली जायला 'जे' दाबत गेलात, तर कर्सर हलत नाही, ओळीच एकमेकींना जोडल्या जातात. तसं झालं तर कॅप्स लॉक काढा आणि 'यू' दाबत राहा. 'यू' म्हणजे मागे घे. चुकून जास्त मागे गेलात तर कंट्रोल-आर.

नॉर्मल मोड हे विमचं घर आहे. लिहायला बाहेर जायचं, लिहून झालं की लगेच घरी यायचं. जायच्या वाटा बऱ्याच आहेत: 'आय' कर्सरच्या आधी, 'ए' कर्सरच्या नंतर, कॅपिटल 'ए' थेट ओळीच्या शेवटी, 'ओ' खाली नवी ओळ उघडून, कॅपिटल 'ओ' वर. परत यायची वाट एकच, एस्केप. एका वेळी लिहायला गेलात आणि परत आलात, तेवढं सगळं लिखाण 'यू'च्या दृष्टीने एक पाऊल असतं. वीस मिनिटं लिहायच्या मोडमध्येच बसून राहिलात, तर एका 'यू'ने बरंच काही जाईल. एकेक वाक्य लिहून एस्केप दाबत गेलात तर एकेक वाक्य मागे घेता येतं.

एस्केप फार लांब आहे अशी तक्रार सगळे करतात. ती मुळात लांब नव्हती. बिल जॉय यांनी १९७६ च्या सुमारास बर्कली विद्यापीठात व्हीआय लिहिला तो एडीएम-३ए नावाच्या टर्मिनलवर, म्हणजे पडदा आणि कळफलक असलेल्या यंत्रावर. त्यावर आज टॅब असते तिथे एस्केप होती, करंगळीच्या शेजारी. आणि एच, जे, के, एल या चार कळांवर बाण छापलेले होते, म्हणून डावीकडे, खाली, वर, उजवीकडे जायला आजही त्याच कळा. त्यांच्याकडचा मोडेम ३०० बॉडचा, म्हणजे सेकंदाला ३० अक्षरांच्या आसपास. ८० अक्षरांच्या २४ ओळींचा पडदा पुन्हा भरायला मिनिटभराहून जास्त लागायचं. हुकूम एकेका अक्षराचे का, ते यावरून कळतं. गावी मोबाइलच्या हॉटस्पॉटवरून सर्व्हरला जोडलेली असते आणि रेंज एका काडीवर येते, तेव्हा मला ही काटकसर अजूनही उपयोगी पडते. एस्केपचं म्हणाल तर कंट्रोल आणि डावा चौकोनी कंस एकत्र दाबा, तेच काम होतं. माझं बोट गेली कित्येक वर्षं तिथेच जातं.

आता मुख्य गोष्ट. विमचे हुकूम पाठ करायचे नसतात, त्यांची वाक्यं करायची असतात. क्रियापदं थोडी आहेत: 'डी' काढ, 'सी' बदल, म्हणजे काढ आणि लगेच लिहायला बस, 'वाय' कॉपी कर. त्यांच्यापुढे कर्म लावायचं: 'डब्ल्यू' पुढच्या शब्दापर्यंत, '$' ओळीच्या शेवटापर्यंत, 'आय-डब्ल्यू' हा अख्खा शब्द, 'आय-पी' हा अख्खा परिच्छेद. क्रियापद दोनदा म्हटलं की अख्खी ओळ, म्हणून 'डी-डी' ओळ काढतं आणि 'वाय-वाय' ओळ कॉपी करतं. आकडा आधी लावला की तितक्या वेळा. '३ डी-डी' म्हणजे तीन ओळी गेल्या.

मराठी माणसाला इथे एक अडचण येते आणि ती कुणी बोलून दाखवत नाही. आपण म्हणतो "हा शब्द बदल". कर्म आधी, क्रियापद शेवटी. विम म्हणतो "बदल हा शब्द". नवशिक्यांचा हात आधी काय निवडायचं याकडे जातो आणि अडखळतो. त्यांच्यासाठी व्हिज्युअल मोड आहे, तो आपल्या क्रमाने चालतो: 'व्ही' दाबून निवडायला सुरुवात, कर्सर हलवून हवं तेवढं रंगवायचं, मग 'डी'. कॅपिटल 'व्ही'ने अख्ख्या ओळी, कंट्रोल-व्हीने उभा पट्टा. पाच ओळींच्या सुरुवातीला कमेंटचं चिन्ह टाकायचं असेल तर पहिल्या ओळीच्या आरंभी कंट्रोल-व्ही, चार वेळा 'जे', कॅपिटल 'आय', चिन्ह, एस्केप. एस्केप दाबल्यावरच पाचही ओळींत चिन्ह दिसतं, तोवर एकाच ओळीत दिसेल. घाबरू नका.

पहिला आठवडा व्हिज्युअलमध्ये काढा, काही हरकत नाही. पण नंतर क्रियापद आधी ठेवायची सवय लावा. भाचीला मी ते तोंडाने म्हणायला लावलं. एका ओळीत दुहेरी अवतरणात सर्व्हरचा जुना पत्ता होता आणि कर्सर ओळीच्या अगदी सुरुवातीला. "म्हण, बदल, आतलं, अवतरण." तिने 'सी', 'आय', दुहेरी अवतरणचिन्ह दाबलं. कर्सर आपोआप अवतरणात गेला, जुना पत्ता नाहीसा झाला, दोन्ही चिन्हं जागेवर राहिली आणि ती नवा पत्ता लिहायला मोकळी. "एवढंच?" म्हणाली. एवढंच. कंस असेल तर चिन्हाच्या जागी कंस. 'आय'ऐवजी 'ए' घेतलंत तर अवतरणचिन्हंही जातात.

क्रियापद आधी ठेवायचं, ते मुख्यतः टिंबासाठी. नॉर्मल मोडमध्ये पूर्णविरामाची कळ दाबली की शेवटचा बदल जसाच्या तसा पुन्हा होतो. मी माझ्या वडिलांच्या वहीतल्या पावसाच्या नोंदी टाइप करते आहे. तारीख, नक्षत्र, पाऊस किती झाला, अशी एकेक ओळ. बरंच टाइप झाल्यावर लक्षात आलं की मी सगळीकडे 'आद्रा' लिहिलंय, हवं 'आर्द्रा'. तेव्हा '/आद्रा' आणि एंटर, हा शोध. मग 'सी-जी-एन', म्हणजे सापडलेलं बदल. 'आर्द्रा' लिहिलं, एस्केप. यापुढे नुसतं टिंब: प्रत्येक टिंबाला पुढचा 'आद्रा' सुधारतो. एखादा तसाच ठेवायचा असेल तर 'एन' दाबून त्यावर यायचं आणि पुन्हा 'एन' दाबून तो सोडून पुढे जायचं. वडिलांनीच एके ठिकाणी तसं लिहिलं होतं. ते मी बदललं नाही.

सगळे एकदम बदलायचे असतील तर ':%एस/आद्रा/आर्द्रा/जीसी'. शेवटच्या 'सी'मुळे प्रत्येक ठिकाणी विचारणा होते. तो 'सी' गाळू नका, निदान दुसऱ्याच्या सर्व्हरवर तरी.

फिरण्याबद्दल थोडक्यात. 'जी-जी' फाइलच्या वर, कॅपिटल 'जी' तळाशी, '४२ कॅपिटल जी' बेचाळिसाव्या ओळीवर. एररमध्ये ओळीचा आकडा येतो तेव्हा हेच वापरायचं. 'एफ' आणि एखादं अक्षर दाबलं की ओळीत पुढे जिथे ते आहे तिथे कर्सर. '%' जोडीच्या कंसावर. कंट्रोल-ओ आधी होतात तिथे परत.

कॉपीची एक खोच बहुतेकांना छळते. 'वाय-वाय'ने ओळ कॉपी केली, दुसरीकडे नको असलेली ओळ 'डी-डी'ने काढली, 'पी'ने पेस्ट केलं, तर काढलेलीच ओळ परत आली. कारण काढलेलं सगळंही त्याच खिशात जातं. कॉपी केलेलं मात्र शून्य नावाच्या वेगळ्या खिशात शाबूत असतं. दुहेरी अवतरणचिन्ह, शून्य, 'पी' अशा तीन कळा दाबा, हवी ती ओळ येईल.

सेव्ह करायला ':डब्ल्यू', सेव्ह करून बाहेर ':डब्ल्यूक्यू'. फाइल सुडूशिवाय, म्हणजे अ‍ॅडमिनचे अधिकार न घेता, उघडली आणि अर्धा तास काम केल्यावर परवानगी नाही असं कळलं, तर काम टाकू नका. कोलन, डब्ल्यू, स्पेस, उद्गारचिन्ह, सुडू, स्पेस, टी-डबल ई, स्पेस, टक्केचिन्ह, एंटर. पासवर्ड विचारेल, फाइल जागेवर लिहिली जाईल. नंतर फाइल बदलल्याची सूचना आली तर 'एल' दाबून पुन्हा वाचून घ्या.

सवयीने कंट्रोल-एस दाबलंत तर पडदा गोठतो. विम अडकलेला नसतो, टर्मिनलने दाखवणं थांबवलेलं असतं. कंट्रोल-क्यू दाबा. मला हे माहीत नव्हतं तेव्हा मी खिडकीच बंद केली होती. पुन्हा फाइल उघडल्यावर स्वॅप फाइल सापडल्याची लांबलचक सूचना आली. ती न वाचता मी 'डी' दाबलं, म्हणजे स्वॅप पुसून टाक. दुपारभराचं काम त्या स्वॅपमध्ये होतं. विम दर २०० अक्षरांनी, किंवा हात ४ सेकंद थांबला की, तुमचं काम त्यात लिहून ठेवत असतो. कनेक्शन तुटलं तरी ते तिथे असतं. म्हणून ती सूचना आली की 'आर', रिकव्हर. नीट तपासा, सेव्ह करा, आणि मगच स्वॅप फाइल काढा.

आणखी एक: काही सर्व्हरवर विमची लहान आवृत्तीच असते. तिथे लिहिताना बाणाच्या कळा दाबल्या की ए, बी, सी, डी अशी अक्षरं उमटतात. ':सेट नोकम्पॅटिबल' करा, थांबेल.

मराठी मजकुराचं वेगळं सांगायला हवं. इनस्क्रिप्ट, म्हणजे मराठी टायपिंगचा कळफलक, चालू ठेवून नॉर्मल मोडमध्ये आलात तर विमला हुकूम कळत नाहीत. 'डी'च्या कळेवर हलन्त, 'जे'वर र, 'के'वर क, आणि कोलनच्या जागी छ. एस्केपबरोबर कळफलक इंग्रजीवर आणायची सवय लावा. एस्केप, बदल, ही दोन्ही मी एका दमात करते.

विम अक्षर मोजतो ते आपल्यासारखं नाही. 'आर्द्रा'मध्ये त्याच्या लेखी चार घरं आहेत: आ, र्, द्, रा. हलन्त आणि मात्रा आपल्या व्यंजनाला चिकटून राहतात, पण जोडाक्षर एक होत नाही. बऱ्याच टर्मिनलमध्ये ते फुटलेलंही दिसतं, फाइलमध्ये मात्र नीट असतं. शंका आली तर कर्सर त्यावर नेऊन 'जी-ए' दाबा. 'द्'वर दाबलंत तर द आणि हलन्त यांचे कोड वेगवेगळे दिसतील. घरं कळली की एकट्या 'आद्रा'ची दुरुस्तीही सोपी: कर्सर 'द्'वर, 'आय', र आणि हलन्त, एस्केप. रफार बसला.

'एक्स' दाबलं की मात्रेसकट अख्खं घर जातं. 'पुनर्वसु' लिहिलंय आणि शेवटचा उकार तेवढा दीर्घ करायचाय, तर ':सेट डेलकम्बाइन' करून घ्या. मग 'सु'वर 'एक्स' दाबलं की नुसता उकार जातो, स उरतो. 'ए' दाबा, दीर्घ ऊकार द्या, एस्केप. लिहिताना बॅकस्पेसही मग एकेक मात्राच खोडते. माझ्या विमआरसी फाइलमध्ये, म्हणजे विमच्या सेटिंगच्या फाइलमध्ये, ती ओळ कायमची आहे, आणि भाचीच्याही, जरी ती अजून मराठीत काही लिहीत नसली तरी.