भात न सोडता वजन कसं उतरवावं

वजन कमी करायचं म्हटलं की आमच्याकडे पहिला सल्ला ठरलेला: ‘भात सोड.’ मालवणच्या बाजारात मासे घेताना तोच मिळतो, देवळात तोच, मुंबईच्या भाचीचा फोन आला तरी तोच. मी तीन वेळा भात सोडला आणि तिन्ही वेळा जेवढं उतरलं त्याहून जास्त परत चढलं. चौथ्या खेपेला भात ठेवला, पण मोजला, आणि नऊ महिन्यांत अकरा किलो उतरले. नंतर माझ्या जाऊबाई, शेजारच्या काकी आणि वाडीतल्या सात-आठ जणींना याच रस्त्याने नेलं. हे लिहिते आहे ते दोन्ही वेळ भात जेवणाऱ्या घरांसाठी. चपातीवर वाढलेल्या माणसाची अडचण वेगळी असते.

सुरुवातीला चार वस्तू हव्यात: वजनकाटा, भात मोजायला स्वयंपाकघरातला छोटा काटा, शिवणकामाची टेप आणि एक वाटी. वजन आठवड्यातून एकदाच, ठरलेल्या वारी, सकाळी पोट रिकामं असताना करा. टेप कमरेला बेंबीच्या उंचीवर लावा. आपल्याकडे बाईची कंबर ८० सेंटीमीटरच्या आणि पुरुषाची ९० च्या वर गेली की पोटातली चरबी धोक्याची समजतात. मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असेल तर आधी डॉक्टरांना सांगा. भात कमी झाला आणि औषध तेवढंच राहिलं तर साखर एकदम खाली जाऊ शकते. आमच्या काकींना तिसऱ्याच दिवशी घाम फुटून हातपाय कापायला लागले होते, कारण मी त्यांना आधी डॉक्टरांकडे पाठवलं नव्हतं. ती चूक माझी. मूत्रपिंडाचा आजार असेल किंवा बाई गरोदर असेल, तर यातलं काहीही स्वतःच्या मनाने करू नये.

गरम पाण्यात मध-लिंबू, पोटाला बांधायचे पट्टे, पंधरा दिवसांत दहा किलोची पावडर यांवर वेळ आणि पैसा घालवू नका. पहिल्या आठवड्यात दीड-दोन किलो उतरले की लोक त्या पावडरीचं कौतुक करतात. ते बहुतेक पाणी असतं. शरीरातला साखरेचा साठा पाणी धरून असतो, खाणं कमी झालं की तो साठा आणि त्याबरोबर पाणी जातं. चरबी इतक्या घाईने जात नाही. एक किलो चरबीत साधारण ७,७०० कॅलरी असतात. रोज पाचशेची तूट पडली तर हिशोबाने महिन्याला दोन किलो होतात आणि प्रत्यक्षात दीड झाले तरी काम नीट चाललं आहे असं समजा.

भात

सगळं अडतं ते इथेच.

भात सोडल्यावर माझं काय व्हायचं ते सांगते. पहिले आठ-दहा दिवस जोरात जायचे. नाचणीची भाकरी, भाजी, काकडी, वजनही हलायचं. तिसऱ्या खेपेला एकोणिसाव्या दिवशी घरात सुरमईचं सार होतं. भाकरी बुडवून दोन खाल्ल्या, तिसरी खाल्ली, पोट तुडुंब भरलं, पण जेवल्यासारखं वाटेना. सगळे हात धुऊन बाहेर ओटीवर बसले आणि मी पातेल्यातला उरलेला भात सारात कालवून ओट्याशी उभ्यानेच खाल्ला. दुसऱ्या दिवसापासून दोन्ही वेळ भात परत सुरू झाला आणि आधीपेक्षा जास्त. ज्या घरात जन्मल्यापासून ‘जेवलास?’ म्हणजे ‘भात खाल्लास?’ असाच अर्थ आहे, तिथे भात तोडून चालत नाही. चार-सहा आठवड्यांत माणूस परत येतोच. म्हणून कोणी भात सोडायला सांगितलं तर ऐकू नका.

चौथ्या खेपेला मी काहीही कमी न करता आधी नुसतं मोजलं. नेहमीसारखं ताट वाढून घेतलं आणि भात छोट्या काट्यावर ठेवला. डावाने तीनदा वाढलेला तो भात ४४० ग्रॅम भरला. शिजलेल्या शंभर ग्रॅम भातात साधारण १३० कॅलरी धरल्या तर एका वेळेला पावणेसहाशे आणि दोन वेळचे साडेअकराशे. मला कधीच खूप जेवते असं वाटलं नव्हतं. डावाने वाढलेला भात डोळ्यांना कळत नाही, कारण त्यावर सार ओतलं की तो बसतो आणि ताट अर्धं रिकामं दिसतं. तुम्हीही पहिले तीन दिवस काही बदलू नका, फक्त मोजा आणि लिहून ठेवा.

मोजताना आणखी एक गोष्ट लक्षात आली. आपलं जेवण दोन भातांचं असतं. पहिला भात आमटीशी किंवा माशाच्या साराशी, आणि मागचा भात ताकाशी नाहीतर सोलकढीशी. पहिल्या भाताने भूक भागलेली असते, मागचा केवळ सवयीने जातो. म्हणून आधी मागचा भात काढा, पहिल्याला पंधरा दिवस हातही लावू नका. सोलकढी पेल्यातून प्या, ताक पेल्यातून प्या. जीभेला शेवटची चव मिळते आणि दीडशे ग्रॅम भात आपोआप कमी होतो. मी हाताखाली घेतलेल्या बायकांपैकी ज्यांनी घाई करून दोन्ही भात एकदम कमी केले, त्यांतल्या बहुतेक सोडून गेल्या. ज्यांनी आधी मागचा काढला, त्या टिकल्या.

पंधरा दिवसांनी वाटी काढा. जिच्यात दीडशे ग्रॅम शिजलेला भात सैलसर मावेल अशी वाटी काट्यावर तपासून ठरवा आणि तीच ठेवा. भात दाबून भरायचा नाही, शीग ठेवायची नाही. वाटी ताटात पालथी करायची आणि पातेलं झाकून आत ठेवायचं, पानाशेजारी आणायचं नाही. शक्य असेल तर तांदूळच मोजून टाका: पन्नास ग्रॅम कच्च्या तांदळाचा साधारण दीडशे ग्रॅम भात होतो. पातेल्यात जो उरतच नाही, तो रात्री दहाला कोणी खात नाही.

आता क्रम. ताटावर बसल्याबसल्या भाताला हात घालू नका. आधी भाजी किंवा उसळ निम्मी संपवा, मासा असेल तर एक तुकडा खा, मग सार भातावर घ्या. दीडशे ग्रॅम भात रिकाम्या पोटी कुठे गेला ते कळत नाही, तोच भात उसळीनंतर पुरतो. ही गोष्ट मी सांगते तेव्हा लोक मान डोलावतात आणि घरी जाऊन आधी भातच कालवतात. क्रम मोडला तर वाटीचा काही उपयोग नाही.

रात्रीचं जेवण सगळ्यात कठीण, आणि त्याचं कारण रात्रीत नसून संध्याकाळी सहात आहे. दुपारी एकला जेवलेलं माणूस रात्री नऊला पानावर बसलं तर वाटी कुणाच्याही हातून सुटेल. सहाला मूठभर भाजलेले चणे, नाहीतर उकडलेलं अंडं, नाहीतर वाटीभर चवळीची उसळ खा. चहाबरोबर खारी आणि बटर बंद. दोन बटरांनी भूक मरत नाही आणि भाताइतकं पीठ पोटात जातं. रात्रीचं जेवण आठच्या आत आणता आलं तर आणा, नाही आलं तर सहाचं खाणं चुकवू नका.

‘उकडा तांदूळ खाते, मग चालेल ना?’ हे प्रत्येकीने विचारलं आहे. उकडा तांदूळ चांगलाच. धान उकडून मग सडल्यामुळे त्यात जीवनसत्त्वं जास्त टिकतात. पण कॅलरी पांढऱ्या तांदळाइतक्याच, वाटी तीच. भात वेळून वरचं पाणी काढलं तरी वाटी मोठी करण्याइतका फरक पडत नाही. सकाळची पेज मात्र जरूर घ्या. पाणी भरपूर आणि शितं थोडी असल्यामुळे पोट भरतं, बरोबर कुळथाची किंवा मुगाची उसळ असू द्या. घावणे, आंबोळी, तांदळाची भाकरी हाही भातच. सकाळी चार घावणे झाले असतील तर दुपारची वाटी अर्धी.

घरच्यांचं काय करायचं? माझ्या सासूबाई पहिल्या आठवड्यात रोज म्हणायच्या, ‘भात नाय मगे जेवण कसला?’ मी कॅलरी समजावत बसले नाही. ती वाटी त्यांच्या हातात दिली आणि म्हटलं, ‘आई, तुम्हीच वाढा, पण याच वाटीने आणि एकदाच.’ तेव्हापासून त्या वाटीवर त्यांचा पहारा होता. जाऊबाईंनी डाव उचलला तरी त्या अडवायच्या. वाढणाऱ्या माणसाला आपल्या बाजूला घेतल्याशिवाय कोकणातल्या घरात हे जमत नाही.

नारळ, तेल, मासे

नारळ बंद करू नका, मोजा. शंभर ग्रॅम ओल्या खोबऱ्यात साधारण ३५० कॅलरी असतात आणि त्या जास्त करून चरबीच्या. चार माणसांच्या साराला पाव नारळ पुरतो. त्या दिवशी सोलकढी करायची तर नारळाच्या रसाची नको, आगळ (कोकमाचा खारवलेला रस) आणि पाण्याची करा. आगळ खारट असतं, वरून मीठ टाकू नका.

मासे रोज खा. बांगड्याच्या शंभर ग्रॅममध्ये वीस ग्रॅमच्या आसपास प्रथिनं असतात आणि तेच पोट धरून ठेवतं. सार, तिखलं किंवा तव्यावर दोन चमचे तेलात भाजलेला तुकडा ठीक. रवा लावून तेलात पोहणारा मासा आठवड्यातून एकदा.

१ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींची मासेमारी बंद असते. त्या दिवसांत कुळीथ, काळे वाटाणे, चवळी आणि अंडी यांवर या, आणि टाकळा, शेवग्याचा पाला, लाल माठ ताटात दुप्पट घ्या. सुक्या माशावर भर देऊ नका. खारवलेल्या सुक्या माशात मीठ फार, शरीर पाणी धरतं आणि काटा किलोभर वर जातो. तो वाढलेला आकडा बघून दोघी जणी निराश होऊन थांबल्या होत्या.

उपासाला साबुदाण्याची खिचडी नको. साबुदाणा म्हणजे नुसतं पिष्ट, त्यात तूप आणि दाण्याचं कूट. उपास करायचाच असेल तर ताक आणि फळावर करा. मे महिन्यात एक हापूस दुपारी खा, आमरसाची वाटी नको. फणसाचे गरे पाच-सहा, मोजून.

चालणं

नुसत्या चालण्याने वजन उतरत नाही. सत्तर किलोचा माणूस अर्धा तास भरभर चालला तर सव्वाशे-दीडशे कॅलरी जळतात, म्हणजे एका वाटीहून कमी भात. तरी चाला, कारण उतरलेलं वजन टिकतं ते त्यानेच. आठवड्याला १५० मिनिटं हे जागतिक आरोग्य संघटनेचं किमान माप आहे. ते पाच दिवसांत वाटा.

समुद्र जवळ असेल तर ओहोटीला ओल्या, घट्ट वाळूवर चाला. ओहोटीची वेळ रोज साधारण पन्नास मिनिटं पुढे सरकते, म्हणून किनारा रोज एकाच वेळी मिळणार नाही. न मिळेल त्या दिवशी रस्त्याने जा. किनारा पाण्याकडे उतरता असतो. मालवणच्या चिवला किनाऱ्यावर एकाच दिशेने लांब जाऊन रिक्षाने परत यायची सवय लावली, तेव्हा माझा समुद्राकडचा गुडघा महिनाभर दुखत होता. गेलात त्याच वाटेने परत या, म्हणजे दोन्ही पायांवर भार सारखा पडतो. मधुमेह असेल तर अनवाणी अजिबात नको. शिंपला लागलेला कळतही नाही आणि जखम चिघळते.

आठवड्यातून दोनदा ताकदीचं काम हवं, नाहीतर चरबीबरोबर स्नायूही जातात. हात न टेकता खुर्चीवरून दहा वेळा उठणं, तीन फेऱ्या. घराला जांभ्याच्या पायऱ्या असतील तर त्या. पावसात ओटीवर फेऱ्या मारा. मी जून ते सप्टेंबर तेच केलं.

काटा थांबला तर

चौथ्या महिन्यात माझं वजन पाच आठवडे हललं नाही. शरीर हलकं झालं की त्याला कमी लागतं, हे एक कारण. दुसरं मी वाटी परत काट्यावर ठेवली तेव्हा सापडलं: १९० ग्रॅम. शीग नकळत चढली होती. महिन्यातून एकदा वाटी तपासा. एवढ्यानेच बहुतेकींचा काटा परत हलतो.

गौरी-गणपतीत चाकरमानी येतात, घरात वीस पानं उठतात, त्या दिवसांत वजन करू नका. विसर्जनानंतर आठवड्याने करा. उकडीचे मोदक खा, पण मोदकाची पारी तांदळाचीच असते. ज्या दुपारी दोन मोदक घ्याल, त्या दुपारी भाताची वाटी ताटात येणार नाही, हे वाढणाऱ्यांना पान मांडायच्या आधीच सांगून ठेवा.