गार्ड काढला नाही, म्हणून वाचलो

कोल्हापुरात शिवाजी पेठेतल्या आमच्या घराच्या मागच्या लोखंडी दाराचा पाय पावसानं पार खाल्ला होता. खालचा सहा इंच गंजका भाग कापायला चार इंची ग्राइंडर, म्हणजे फिरत्या चकतीचं कापायचं यंत्र, घेतला. त्या चकतीवर पत्र्याचं अर्धं झाकण असतं, तोच गार्ड. शेजारचे काका म्हणाले, "गार्ड काढ की, पटकन हुतंय. काय हुत नाही!" त्यांनी आयुष्यभर तसंच काम केलंय. पण मिनिटाला अकरा हजारांच्या आसपास फेरे घेणारी चकती आहे, मी गार्ड ठेवला.

निम्म्यात दाराचं वजन खाली आलं, काप मिटला, चकती चिमटली आणि तुटली. तुकडा गार्डवर आदळला. हात थरथरत होते. काकाही गप्प झाले.

चूक माझीच होती, दाराला आधार नव्हता. मग प्लग काढला, दाराखाली विटा-पाचर लावून वजन तोललं आणि नवी चकती घातली. तिच्यावरचा कमाल आरपीएम (मिनिटाला जास्तीत जास्त किती फेरे) आणि मुदतीची तारीख वाचली. चष्मा होताच, सैल बाह्याही दुमडल्या. आता काप उघडाच राहिला.

नव्या तुकड्याचं वेल्डिंग उद्यमनगरच्या वर्कशॉपमधून करून आणलं, वर गंज धरू नये म्हणून रेड ऑक्साइडचा रंग मारला. त्या गार्डवरचा ओरखडा काकांना मुद्दाम दाखवला.