कुत्र्याची सांधेदुखी: उपचाराची सुरुवात वजनकाट्यापासून

आमची लॅब्रॅडॉर कुत्री दहा वर्षांची झाली तेव्हा सकाळी उठताना तिचे मागचे पाय गुळगुळीत फरशीवर बाहेरच्या बाजूला घसरू लागले. नखांची खरखर ऐकू येई, ती पुन्हा खाली बसे आणि दुसऱ्या खेपेला कशीबशी उभी राही. चार पावले टाकल्यावर चाल मोकळी होत असल्यामुळे आम्ही ते सारे वयावर ढकलले, आणि त्यात कित्येक महिने वाया गेले. सांधे दुखतात म्हणून कुत्रा सहसा केकाटत नाही. तो जिन्यापाशी थबकतो, गाडीत उडी मारणे सोडतो, एकच सांधा चाटत राहतो आणि त्याच्या मागच्या मांड्या हळूहळू बारीक होत जातात.

यांपैकी काहीही दिसले तर प्रथम पशुवैद्यांकडून निदान करून घ्यावे, कारण प्रत्येक लंगडणे म्हणजे सांध्यांची झीज नव्हे. आपल्याकडे सर्रास आढळणाऱ्या गोचीड तापातही सांधे सुजतात आणि त्याचा उपचार अगदी वेगळा असतो. एक्स-रे आणि रक्ततपासणी दोन्ही करावी. घरातल्या चालण्याचे आणि जिना चढण्याचे चित्रण मोबाइलवर काढून न्यावे, कारण दवाखान्यात भेदरलेला कुत्रा पुष्कळदा सरळ चालून दाखवतो.

उपचारांत मी पहिला मान वजनाला देईन. स्थूल कुत्र्याचे वजन सहा-सात टक्क्यांनी उतरले, म्हणजे 35 किलोच्या कुत्र्याचे सव्वादोन किलो कमी झाले, तरी लंगडणे कमी झाल्याचे अभ्यासात दिसले आहे. अमेरिकेत 48 लॅब्रॅडॉर कुत्र्यांची जोड्या लावून जन्मभर पाहणी झाली, तिचे निष्कर्ष 2002 मध्ये प्रसिद्ध झाले. जोडीदारापेक्षा 25 टक्के कमी खाणाऱ्या कुत्र्यांना सांधेदुखी उशिरा झाली आणि त्यांचे मध्यक आयुष्यही 11.2 वर्षांऐवजी 13 वर्षे भरले. फासळ्यांवरून तळहात फिरवावा. न दाबता त्या हाताला लागत नसतील तर आहार जास्त होत आहे. जेवण वाटीने मोजून द्यावे आणि चहाबरोबरचे बिस्किट, उरलेली पोळी, आजीच्या ताटातला दूधभात हे सगळे त्या मापात धरावे. घरातल्या प्रत्येकाने हे पाळले नाही तर काटा हलत नाही, हे मी अनुभवाने सांगते.

वेदना कमी करण्यासाठी पशुवैद्य बहुधा मेलॉक्सिकॅम, कार्प्रोफेन किंवा फिरोकॉक्सिब यांपैकी एक औषध देतात. औषध सुरू करण्यापूर्वी यकृत आणि मूत्रपिंडाची तपासणी करावी, गोळी जेवणाबरोबर द्यावी आणि तिच्या जोडीला स्टेरॉइड कधीही देऊ नये. उलट्या झाल्या, खाणे सुटले किंवा डांबरासारखी काळी शी दिसली तर गोळी त्याच क्षणी थांबवून दवाखान्यात फोन करावा. माणसांसाठीच्या वेदनाशामक गोळ्या मात्र हात जोडून सांगते, देऊ नका: आयबुप्रोफेन आणि डायक्लोफेनॅक यांनी कुत्र्याच्या जठरात व्रण होतात आणि मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात. हे औषध दिलेल्या जनावरांची कलेवरे खाऊन गिधाडे मरू लागल्यामुळे जनावरांसाठीच्या डायक्लोफेनॅकवर भारतात 2006 मध्ये बंदी आली, पण तेच औषध माणसांसाठी घरोघरी असते, म्हणून हा धोका टळलेला नाही. एका औषधाने भागले नाही तर गॅबापेंटिन जोडले जाते. त्याच्या माणसांसाठीच्या पातळ औषधात झायलिटॉल हा साखरेऐवजी वापरला जाणारा गोड पदार्थ असू शकतो आणि तो कुत्र्याला विषारी असतो.

बेडिनव्हेटमॅब या सांधेदुखीच्या वेदनेवर महिन्यातून एकदा देण्याच्या इंजेक्शनाला अमेरिकेत 2023 मध्ये मान्यता मिळाली, परंतु डिसेंबर 2024 मध्ये तिथल्या औषध प्रशासनाने झटके आणि तोल जाण्यासारख्या तक्रारींबाबत पशुवैद्यांना सावध केले. त्यामुळे त्याचा विचार नीट चर्चा करूनच करावा. पूरक पदार्थांत माशाच्या तेलातील ओमेगा-3 ला बऱ्यापैकी आधार आहे, ग्लुकोसामाइनला फारच थोडा. पैसे मोजकेच असतील तर ते तेलावर खर्च करावेत. खुब्याचा सांधा पूर्ण बिघडला असेल किंवा गुडघ्याचा अस्थिबंध तुटला असेल तर शस्त्रक्रियेचा सल्ला घ्यावा.

घरातली फरशी हा उपचाराचाच भाग आहे. झोपण्याच्या जागेपासून पाण्याच्या भांड्यापर्यंत न सरकणाऱ्या रबरी चटया सलग अंथराव्यात, नखे आणि पंजांच्या गाद्यांमधले केस वेळोवेळी कापावेत, आणि अंथरूण इतके जाड असावे की कोपर जमिनीला टेकू नये. रविवारी तासभर आणि इतर दिवशी काहीच नाही, असे फिरवू नये. रोज दोन-तीन वेळा दहा-पंधरा मिनिटे, पट्टा लावून, सावकाश चालवावे. दुसऱ्या दिवशी सकाळी कुत्रा नेहमीपेक्षा ताठर दिसला तर आदल्या दिवशीचे चालणे जास्त झाले असे समजून पाच मिनिटे कमी करावीत आणि तशी नोंद वहीत ठेवावी. पुढच्या भेटीत औषधाची मात्रा ठरवताना पशुवैद्यांना ती वही दाखवावी.